हरलेला डावही दाखवा

पोकर खेळत गावोगाव हिंडायचे आणि त्याच्या चित्रफिती काढून लोकांना दाखवायच्या, हा नवा उद्योग अनेक तरुणांना खुणावतो. लास व्हेगासच्या अँड्र्यू नीमी यांनी २०१६ मध्ये तो सुरू केला आणि नाव कमावले. सुरुवातीला भांडवल फारसे लागत नाही. कॅसिनोची परवानगी घ्यावी, इतरांचे चेहरे टाळावेत. टेबलावर चित्रण करू देत नसतील तर डाव टिपून ठेवावा आणि मागाहून पडद्यावर पत्ते मांडून समजावून सांगावा.

माझी काळजी वेगळीच आहे. कॅसिनो प्रत्येक डावातून किंवा तासागणिक आपला वाटा कापून घेतो. म्हणजे सारे खेळाडू मिळून आणतात त्याहून कमीच घेऊन उठतात. चित्रफितीत मात्र जिंकलेली रात्र झळकते. विमानभाडे, हॉटेलचे बिल आणि हार कात्रीत जाते. घरी बसून पाहणारा कोवळा मुलगा तेवढेच खरे मानतो.

म्हणून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर कॅमेरा घेऊन निघालेल्या आपल्या मुलांना माझे एकच सांगणे आहे: प्रत्येक भागाच्या शेवटी पै-पैचा हिशेब दाखवा. तो दाखवण्याची हिंमत नसेल, तर कॅमेरा उचलूच नका.