दुखते टाच, आखडते पोटरी

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसावा तशी कळ यायची. चार पावले चालले की कमी, थोडे बसून उठले की पुन्हा तीच. आमच्या शेजारच्या अक्का 'हिम्मडी नोवु' म्हणून गरम विटेचा शेक सांगत. एका डॉक्टरांनी फोटो काढून "हाड वाढलंय" म्हटले. त्या धास्तीने मी चालणेच कमी केले.

अशी टाच घेऊन नवरात्रात नणंदेकडे धारला गेले. धार काय, देवास काय, दोन्ही पवारांची संस्थाने. आपल्याकडे बोलता बोलता कानडी येते, तशी तिथल्या मराठी घरांत माळवी. वन्संना देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, दोन्ही देवींचे दर्शन घ्यायचे होते, तेही माझ्यासोबत. "अठ्ठ्याहत्तर झाली मला, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?" म्हणाल्या. मी मात्र माघार घ्यायच्या बेतात होते.

त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट. म्हणाली, "मामी, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा." अंगठा भिंतीपासून दोन बोटांवर होता, तरी माझा गुडघा टेकेना. वन्सं चार बोटांवरून सहज टेकवून मोकळ्या! त्या अजून उकिडव्या बसून भाजी निवडतात, टाचा जमिनीला टेकलेल्या. माझी पंधरा वर्षे खुर्ची, कमोड आणि उंच टाचेच्या चपलांत गेली.

भाचीने समजावले ते असे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. चालताना नडगी पावलाच्या पुढे झुकावी लागते. पोटरी आखडलेली असेल तर घोटा तेवढा वाकत नाही आणि ताण त्या पट्ट्यावर येतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेले राहून पट्टा आखडतो, म्हणून पहिले पाऊल सर्वांत वाईट. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोटा जितका कमी वाकतो तितकी टाचदुखीची शक्यता जास्त आढळली. जादा वजन आणि दिवसभर उभ्याचे काम हीसुद्धा कारणे निघाली. ओट्याशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मैत्रिणींनो, ऐकताय ना? आणि वाढलेले हाड तर टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या फोटोतही दिसते.

उपाय साधा, पण कंटाळवाणा. अंथरुणातून उठण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटे नडगीकडे ओढून दहा आकडे मोजायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय भिंतीला हात लावून, दुखरा पाय मागे, टाच टेकलेली ठेवून पोटरीला अर्ध्या मिनिटाचा ताण. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. आठ दिवसांत गुण शोधू नका, आठवडे लागतात, कधी महिनेही. मधुमेह असेल, टाच सुजली असेल, बधिर वाटत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर मात्र घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांकडे जा.

अखेर इंदूरमार्गे देवासला गेलोच. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा माणूस क्षयाने आजारी असताना १९४८ मध्ये तिथे गेला आणि तिथलाच झाला. वन्सं अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे. दोनदा बसले, पण दोन्ही देवळे झाली.

परतून सहा आठवडे झाले. सकाळची कळ अजून येते, पण चार पावलांऐवजी एकातच विरते. अंगठा तीन बोटांवर ठेवून गुडघा भिंतीला टेकतो. वन्सं फोनवर विचारतात, "चार कधी?"