रस्त्यावरील प्रत्येक मृत्यूची जागेवर चौकशी व्हावी, याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, पुणे
मार्फत : मा. उपविभागीय अधिकारी, बारामती

विषय : बारामती व इंदापूर तालुक्यांतील अपघाती मृत्यूंची कारणमीमांसा व उपाययोजना

महोदय,

1999च्या कारगिल युद्धात भारताचे 527 सैनिक कामी आले. दरवर्षी 26 जुलैला त्यांना मानवंदना दिली जाते, ते उचितच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत 15,224 माणसे गेली. म्हणजे दिवसाला सुमारे 42. कारगिलचा आकडा गाठायला राज्यातल्या रस्त्यांना तेरा दिवसही लागत नाहीत. कोट्यवधींच्या राज्याची तुलना रणांगणाशी करणे हिशेबाला धरून नाही, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. मृत्युदर काढायला ही तुलना निरुपयोगीच. म्हणून सैन्यापुरतेच पाहावे. 2017च्या अखेरीस वृत्तपत्रांत आलेल्या आकडेवारीनुसार तिन्ही दलांतील साडेतीनशेहून अधिक जण दरवर्षी रस्ते अपघातांत दगावत होते, आणि शत्रूशी लढताना पडणाऱ्यांपेक्षा हा आकडा मोठा होता. माणसे तीच, शिस्तही तीच. तेव्हा ‘लोक बेशिस्त आहेत’ एवढ्यावर अपघातांचा निकाल लावता येत नाही.

वीरमरण आणि अपघात एका तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही. तोलायची आहे ती मृत्यूनंतरची चौकशी. लष्करात अपघाती मृत्यू झाला की चौकशी न्यायालय बसते आणि कारण शोधते. आपल्याकडे पंचनामा होतो, चालकावर गुन्हा दाखल होतो, वाहन बाजूला घेतले की रस्ता मोकळा. वळण चुकीचे होते का, दुभाजक कोणी फोडला, दिवा का बंद होता, हे विचारणे कोणाचेच काम राहत नाही. वास्तविक 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 198अ रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत कसूर करणाऱ्यालाही जबाबदार धरते. पण चौकशीच नसेल तर कसूर दिसणार कशी? ‘ब्लॅक स्पॉट’ ठरण्यासाठी पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात. तोवर ती जागा सरकारदरबारी निर्धोकच असते.

भिगवण ते इंदापूर हा पुणे-सोलापूर महामार्गाचा पट्टा आणि बारामतीवरून इंदापूरकडे जाणारा पालखी मार्ग, दोन्हींवर गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री चालतात. मागे दिवा वा परावर्तक पट्टी नसेल, तर भरधाव वाहनाला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतर उरलेले नसते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या काट्यावर तपासणीसाठी ट्रॉली अडवली तर ऊस वाळून शेतकऱ्याच्याच उसाचे वजन घटेल, ही अडचण खरी आहे. म्हणून तपासणी हंगामापूर्वी, वाहतूक करार करतानाच व्हावी. पट्टी व दिवा नसलेल्या ट्रॉलीचा करारच होऊ नये. तसेच या दोन तालुक्यांत मृत्यू झालेल्या प्रत्येक ठिकाणी पोलीस, परिवहन विभाग आणि रस्त्याची मालकी असलेल्या यंत्रणेच्या अभियंत्याने पंधरा दिवसांत संयुक्त पाहणी करावी, कारण लेखी नोंदवावे, दुरुस्तीची मुदत ठरवावी आणि तो अहवाल संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. समितीच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपले,
बारामती व इंदापूर तालुक्यांतील नागरिक