परकीय हात आणि धानोऱ्याचा बांबू

गडचिरोलीत मोठी घटना घडली की यामागे चीन आहे, हे वाक्य कुठून ना कुठून ऐकू येतंच. धानोरा तालुक्यात २००९ च्या फेब्रुवारीत मरकेगावला १५ आणि मे महिन्यात हत्तीगोट्याला १६ पोलीस माओवाद्यांच्या हल्ल्यांत मारले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रीय गृहसचिव जी. के. पिल्लई यांनीही चिनी तस्करांची शस्त्रं माओवाद्यांना मिळत असणार, असं म्हटलं होतं. या समजुतीला काहीच आधार नाही असंही नाही. ५ जुलै १९६७ ला चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने नक्षलबारीच्या उठावाचं अग्रलेखातून स्वागत केलं होतं. पण तारखा लावून पाहिल्या की गाडं अडतं. माओ १९७६ मध्ये वारले आणि त्यानंतरच्या चीनने दुसऱ्यांच्या देशात क्रांती पेरण्याचा नाद सोडून व्यापाराकडे मोर्चा वळवला. गडचिरोलीच्या जंगलात दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, आलं ते १९८० मध्ये, तेही प्राणहिता नदी ओलांडून आंध्रातून. बाहेरचा पाठिंबा आटत होता, तेव्हा चळवळ इथे मूळ धरत होती.

तिला माती मिळाली ती तेंदूपत्त्याच्या तुटपुंज्या मजुरीची, वनरक्षकाच्या दंडाची आणि वेठीची. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी बांबूचे ट्रक जंगलातून निघत, आणि ज्याच्या गावाभोवती तो बांबू वाढला त्याने चार काठ्या तोडल्या तर तो चोर ठरे. दलमचा पैसाही बहुतांशी इथल्याच ठेकेदारांच्या खंडणीचा. आणि बंदुका? पोलिसांवर हल्ला झाला की त्यांची हत्यारं पळवली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा जमा झालेल्या ५४ शस्त्रांत नऊ इन्सास रायफली होत्या. इन्सास ही भारताच्या सरकारी कारखान्यात बनलेली रायफल.

माओवाद्यांचे परदेशी संबंध होतेच की, असा आक्षेप येईल. होते, २००१ मध्ये दक्षिण आशियातल्या माओवादी पक्षांनी समन्वय समिती स्थापन केली, तिच्यात नेपाळचा पक्षही होता. पण असे संबंध मरकेगावच्या परिसरात दलमला भाकरी कोण देत होतं आणि का, हे सांगत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्थानिक कारणं सांगणं म्हणजे हिंसेवर पांघरूण घालणं. तसं होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं, की परक्याचा हात शोधण्याची खोड खुद्द माओवाद्यांनाही होती. कुणी विरोध केला, कुणाचा भाऊ पोलिसात गेला, की तो खबऱ्या; आणि त्या एका शब्दावर कित्येक आदिवासींचे जीव घेतले गेले. आदिवासी माणूस स्वतःच्या बुद्धीने काही ठरवू शकतो, हे दोन्ही बाजूंना पटत नव्हतं.

परकीय हाताचा राज्यकर्त्यांना होणारा फायदा जुनाच आहे. इंदिरा गांधींच्या काळात तो इतका वापरला गेला, की विरोधी पक्षाचे खासदार पिलू मोदी ‘मी सीआयएचा एजंट आहे’ अशी पाटी गळ्यात घालून संसदेत आले. २०१२ मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या विरोधामागे पंतप्रधान मनमोहन सिंगांना अमेरिकी संस्था दिसल्या. म्हणजे पंतप्रधान बदलले तरी सवय बदलत नाही. परदेशी पैशाचे हिशेब सरकारने तपासावेतच, त्यासाठी कायदे आहेत. पण कोर्टात टिकेल असा पुरावा वेगळा आणि भाषणात टाळी घेणारा आरोप वेगळा. आरोपाने मागणीचं उत्तर द्यायची गरजच उरत नाही. खाणीला ग्रामसभेचा विरोध का, हा प्रश्न मग ग्रामसभेला कोणी चिथावलं इथे येऊन थांबतो.

याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने बंदूक न उचलता कायद्याने जंगल मागितलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. मधल्या काळात बांबू अडवून धरला होता तो आपल्याच वनखात्याने.