निर्जन कोणी केले?

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. यंदाच्या उन्हाळ्यात आठ दिवस होडीतून भटकला आणि गणपतीला घरी आला तो तेच वर्णन घेऊन. ‘‘मामा, माणसाचा मागमूस नाही! देवाने जग घडवले तसेच्या तसे!’’ घरची मंडळी माना डोलावू लागली. मला मात्र राग आला. मास्तराचा राग, खोटे विधान ऐकले की येतो.

भूभाग सुंदर आहे, यात वाद नाही. कॅनडाच्या सीमेला लागून सुमारे दहा लाख एकरांचे रान, त्यात हजारावर तळी. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला मज्जाव. एक तळे संपले की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेने पुढच्या तळ्यावर जायचे. ही वाट ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड साडेसोळा फुटांचा, म्हणजे जवळजवळ होडीएवढाच. (मला पोहता येत नाही, तरी हेवा वाटला.)

पण वाचकहो, तळ्यांना जोडणाऱ्या या वाटा काय हरणांनी आखल्या? त्या ओजिब्वे लोकांच्या आणि त्यांच्याही पूर्वीच्यांच्या पायांनी पडल्या. बर्च झाडाची साल, सीडरच्या बरगड्या, स्प्रूसच्या मुळ्यांची शिवण आणि सांध्यांना राळ, अशी त्यांची होडी. एकट्याने उचलावी आणि फुटली तर रानातच सांधावी! भाच्याची होडी केव्हलरची. घडण मात्र तीच. अशाच होड्यांतून ते लोक पाण्यात उगवणारा रानभात काढीत. एकाने होडी रेटायची, दुसऱ्याने एका काठीने ताटे वाकवून दुसरीने दाणे होडीत झोडायचे. आजही काढतात. आणि म्हणे मागमूस नाही!

अमेरिकेचा १९६४ चा कायदा सांगतो की, अरण्यात माणूस पाहुणा असतो, तो तेथे राहत नाही. पाहुणा कोण, आणि घरधनी कोण? सीमेपलीकडे ओंटारिओत क्वेटिको उद्यान १९१३ साली झाले. १८७३ च्या तहानंतर तिथल्या लोकांना दिलेली राखीव जमीन १९१५ साली सरकारने रद्दच केली. माफी मागितली १९९१ साली! माणसे उठवून जागा निर्जन करायची, मग तिच्या निर्जनतेची आरती ओवाळायची, हा कुठला न्याय?

कायदा नसता तर झाडे तुटली असती, खाणी आल्या असत्या, असे भाचा म्हणाला. खरे आहे. झाडे राखावीतच. पण झाडे राखायला माणसे का पुसावी लागतात, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते.

थोड्या वेळाने त्याने मुकाट्याने एक छायाचित्र पुढे केले. पाण्यालगतच्या कड्यावर तांबड्या गेरूने काढलेला मूस, आणि त्याच्याजवळ हात पसरून उभा असलेला एक माणूस.

‘‘हे दाखवायचे राहिलेच होते,’’ तो म्हणाला.