उकिरड्याची दैना

"अगं, घंटागाडी दारात येते, घरपट्टी आपण भरतो, मग ही घाण घरात कशाला कुजवत बसायची?"

गेल्या दिवाळीत दौंडला सासरच्या मंडळींनी मला हा प्रश्न तीनदा विचारला. तोंडात करंजी होती म्हणून गप्प बसले. आता उत्तर देते. (दौंडकर इथे वाचतात, ठाऊक आहे मला. वाचाच!)

मुळात भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा ही घाण नव्हेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून वर गाठ मारली की तिची घाण होते. हवा मिळाली तर ओला कचरा कुजून खत होतो. हवा कोंडली तर सडतो, घाण मारतो आणि मिथेन सोडतो.

दुसरं, घंटागाडी कचरा नेते, नाहीसा करत नाही. तो कुणाच्या तरी शिवारात जाऊन पडतोच. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी सोसला. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या. पुणेकरही घरपट्टी भरत होतेच की! आणि आपण? मुळा-मुठेचं पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतं, तेच दौंडवरून उजनीत जातं. पुण्याने आपली घाण आपल्याकडे ढकलली म्हणून शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके बोटं मोडतात. मग आपली गाठ मारलेली पिशवी आपण कुणाच्या दारात ढकलतोय, हे विचारायला नको?

आता माझा खरा राग. शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला करत दौंडला येताना ऊसतोडीच्या दिवसांत फडात पाचट पेटलेलं दिसतं. सगळेच जाळतात असं नाही, पण जाळतात. खताला लागतं काय? स्वयंपाकघरातल्या ओल्यातलं नत्र आणि सुक्या पाल्यातला कर्ब. ओलं आपण फेकतो, सुकं आपण जाळतो आणि मग युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभे राहतो. याला शहाणपण म्हणायचं?

"वास येतो" म्हणाल. येतो, चुकलं तर. माझी पहिली बादली साफ फसली होती. नुसतं ओलं भरत गेले. आठवड्याभरात अळ्या झाल्या, शेजारणीने नाकाला पदर लावला. चूक माझी होती, कचऱ्याची नव्हे. मग बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडली. खाली बारीक तोडलेलं पाचट, वर दिवसाचं ओलं, त्यावर पुन्हा तेवढंच किंवा थोडं जास्त पाचट आणि मूठभर जुनं खत. आठवड्यातून दोनदा हलवायचं. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी गळू नये. मटणाची हाडं, मासळी, तेलकट उष्टं यात घालायचं नाही. दोन-तीन महिन्यांत खत. रोजची पाच मिनिटं जातात. त्याहून जास्त वेळ आपण मालिकांमधल्या जाहिराती बघतो.

हे काही पुण्या-मुंबईच्या गच्चीवरचं फॅड नव्हे. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा हौद सांगितला. भिंतीत हवेसाठी जाळी ठेवायची आणि थोड्याशा शेणात पुष्कळ खत करायचं. आपल्याच राज्यातल्या माणसाची ही पद्धत. आणि आमच्या आजेसासूबाईंचा परसातला उकिरडा विसरलात? तिथे आता मोटारसायकली लावतात. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. आपण उकिरडाच मोडून टाकला, दैना आपल्याकडे ठेवली.

गुडघे दुखतात, फ्लॅटमध्ये जागा नाही, मान्य. मग निदान ओलं वेगळं द्या. नियमांनी ते प्रत्येक घराला सांगितलंय. घरपट्टीच्या पावतीने कचरा वेगळा होत नाही, त्याला हातच लागतात.

असो. पुढच्या दिवाळीला फराळाबरोबर एक पिशवी खत घेऊन येते. पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो त्याला. आधी हुंगून बघा, मग भांडू.