ओळी मोजल्या, नावं कोण वाचणार?

समजा, जुन्या डेटाबेसमधून दहा लाख ओळी निघाल्या आणि नव्या डेटाबेसमध्ये दहा लाख पोचल्या. आकडा जुळला, म्हणजे स्थलांतर यशस्वी! अहवालावर सही होते, जुना सर्व्हर बंद होतो. माझं म्हणणं असं, की ही सही करायचा हक्क माहिती हलवणाऱ्याला नाहीच. ज्याची नोंद आहे त्याने ती वाचल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणू नये.

‘दक्षिण सोलापूर’ या तालुक्याचं नाव घ्या. रोमन लिपीत ते १५ बाइटमध्ये मावतं. पण यूनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, तीन बाइट घेतं. मधली मोकळी जागा धरून हे नाव ४० बाइटचं होतं. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर रकान्याची लांबी बाइटमध्येच मोजली जाते. रकाना ३० बाइटचा असेल तर नाव आत शिरत नाही, एरर येते. मुदत तोंडावर आलेली असते, मग कुणीतरी नाव कापून टाकतं. उरतं ‘दक्षिण सोल’. ओळ मात्र पोचली, आकडा जुळला.

‘कऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ’ एका चिन्हाने साठवता येतो, किंवा साधा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. तुम्हाला स्क्रीनवर फरक दिसत नाही. दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घेतली नाहीत, तर शोधणाऱ्या संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी. एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. त्यातलं बरोबर कोणतं, हे त्या घरातला माणूसच सांगू शकतो.

याहून घातक प्रकार रिकाम्या रकान्याचा. ‘काही लिहिलेलं नाही’ आणि ‘माहितीच नाही’ यांत ओरॅकल फरक करत नाही, पोस्टग्रेस करतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कर्जाचा बोजा लिहितात. तो रकाना कोरा दिसला तर काय समजायचं? कर्ज नाही, की हलवताना नोंद गळली?

महाराष्ट्राला याचं उत्तर ठाऊक होतं. हस्तलिखित सातबारा संगणकात आल्यावर २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. उतारा मोठ्याने वाचायचा आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ रुपयांत मोबाइलवर उतारा मिळणं ही सोय मोठीच आहे, ती कुणी नाकारू नये. पण चावडी वाचन ही एकदाच राबवायची मोहीम ठरली. खरं तर प्रत्येक स्थलांतरानंतरचा तो नियम व्हायला हवा.

नाही तर काय होतं? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५७ सांगतं, की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. लेखनातली चूक दुरुस्त करायची वाट कलम १५५ मध्ये आहे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच: चूक मशीनची, अर्ज शेतकऱ्याचा. अक्कलकोट असो की करमाळा, एका मात्रेसाठी तहसीलला हेलपाटे घालणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याच प्रकल्प अहवालात दिसत नाही.

ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली. माहिती व्यवस्थित पोचली होती, प्रणालीच कोलमडली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात. घडी बसायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला आणि पुढच्या वर्षी तिच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला व्यक्तिशः ८१,६२० पौंड. म्हणजे जबाबदारी माणसाच्या नावावर टाकता येते.

‘एवढ्या लोकांना विचारत बसलो तर काम कधी संपणार?’ असं अभियंते म्हणतील. पण ज्या खात्याकडे ओटीपी पाठवायला तुमचा नंबर आहे, त्याला जुनी आणि नवी नोंद शेजारी-शेजारी पाठवणं जड नाही. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी चावडी आहेच. तोवर जुना डेटाबेस निदान वाचण्यापुरता चालू ठेवा. स्थलांतरात झालेली चूक अर्ज न मागता, फी न घेता, कचेरीनेच दुरुस्त करावी. निविदेत हे लिहा आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल त्यानंतरच काढा.

आणि तुम्ही? आज घरातल्या जमिनीचा उतारा उघडा. आजोबांचं नाव, क्षेत्र, इतर हक्क, सगळं त्यांच्याच शेजारी बसून मोठ्याने वाचा. चूक सापडली तर ती चव्हाट्यावर मांडा.