शिकाऊ उमेदवार शिकतो केव्हा?

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या मोसमातच कानी पडतो. आपल्या पणजोबांच्या काळी मात्र, पुढेमागे नोकरी लागेल या आशेवर कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्यावर राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. शब्द मूळचा फारसी. उमेद म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. १९६१ साली संसदेने अप्रेंटिसेस ॲक्ट केला आणि मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ ही जोडी रूढ झाली. जोडी मोठी मार्मिक आहे. एका शब्दात शिक्षण आहे, दुसऱ्यात आशा आहे. या लेखात मला आशेविषयी थोडे आणि शिक्षणाविषयी अधिक लिहावयाचे आहे. कारण आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांची चर्चा निघते ती बहुधा संख्येची आणि विद्यावेतनाची. तो शिकतो काय, आणि मुख्य म्हणजे शिकतो केव्हा, हे फारसे कुणी विचारीत नाही.

कला महाविद्यालयाच्या नियतकालिकात हा यंत्रांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वाटणे साहजिक आहे. पण आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी एक भाऊ बी.ए.ला आणि दुसरा आयटीआयला आहे, आणि पाहुण्यांसमोर पहिल्याचे नाव जरा मोठ्याने घेतले जाते. ‘दहावीला गुण कमी पडले, म्हणून तिकडे घातला’ हे वाक्य ऐकले नाही असा जालन्यात विरळाच. तेव्हा हा विषय आपल्या घरातलाच आहे.

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्याच्याही पूर्वीची, व्यापाराच्या भरभराटीच्या काळातली. आज जालना ओळखला जातो तो बियाण्यांसाठी आणि सळईसाठी. कै. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको स्थापन केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सळईचे कारखाने भंगार वितळवून बांधकामाची सळई करतात. या दोन्ही धंद्यांत पूर्वी कामाच्या सीमा स्पष्ट होत्या. पाना-हातोडा फिटरचा, टेस्टर इलेक्ट्रिशियनचा. आता मात्र यंत्र, वीज, दाबाची हवा आणि संगणकी आज्ञा ही चारही एकाच पेटाऱ्यात येऊन बसली आहेत. त्यांची एकत्र विद्या म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. हा शब्द १९६९ मध्ये तेत्सुरो मोरी या जपानी अभियंत्याने घडविला. मेकॅनिकलचे डोके आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शेपूट. (जपान्याने इंग्रजी शब्द मोडून नवा केला, त्याला कुणी अशुद्ध म्हटले नाही. आपण मराठीत एक नवा शब्द केला की आठवडाभर हसतो.) औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स’ हा दहावीनंतरचा दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. जर्मनीने हाच व्यवसाय १९९८ मध्ये आपल्या प्रशिक्षण-व्यवस्थेत घेतला आणि त्याला साडेतीन वर्षे दिली.

ही विद्या नेमकी कशात आहे ते एका उदाहरणाने सांगतो. बियाणे निवडणारे एक यंत्र असते, त्याला कलर सॉर्टर म्हणतात. उतरत्या पन्हाळीतून दाणे खाली पडतात. कॅमेरा प्रत्येक दाण्याचा रंग पाहतो. डागी दाणा दिसला की क्षणाच्या एका लहानशा अंशापुरती झडप उघडते आणि हवेचा फवारा नेमका तोच दाणा बाजूला उडवतो. आता समजा, एके दिवशी यंत्र चांगले दाणेही उडवू लागले. दोष कुठे? कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असेल. कॉम्प्रेसरचा दाब उतरला असेल. झडप अडकत असेल. एखादी तार सैल झाली असेल. कुणीतरी रंगाची मर्यादा बदलून ठेवली असेल. किंवा यंत्रात काहीच बिघाड नसून आज आलेले बियाणेच जरा वेगळ्या छटेचे असेल! फिटरला बोलावले तर तो झडप खोलेल, इलेक्ट्रिशियन तारा तपासील. मेकॅट्रॉनिक्सचा कारागीर मात्र काही खोलण्यापूर्वी दोन मिनिटे उभा राहून पाहील, की बिघाड सगळ्या पन्हाळींत आहे की एकीतच? सगळीकडे असेल तर दाब किंवा मर्यादा. एकीतच असेल तर झडप किंवा तार. पाना हाती घेण्यापूर्वी निम्मे काम विचाराने झालेले असते. इतिहासाच्या वर्गात आपण दोन बखरींचा मेळ घालून कोणती विश्वसनीय हे ठरवतो, ते याहून फार निराळे आहे असे मला वाटत नाही.

सळईच्या कारखान्यातही तेच. लालबुंद सळई धावत येते, तिची उष्णता ओळखणारा डोळा संदेश देतो, नियंत्रक वेळेचा हिशेब करतो आणि धावत्या सळईवर कात्री बसते. सळई आखूड-लांब निघू लागली तर दोष डोळ्यात, हिशेबात, मोटरीत की कात्रीच्या पात्यात?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही विद्या यंत्र सुरळीत चालू असताना शिकता येत नाही. चालते यंत्र मुके असते. ते बंद पडते तेव्हाच बोलते. फिटरच्या उमेदवाराला वर्षभर नुसते कानस मारायला लावले तरी कानस मारणे तरी त्याला येते. मेकॅट्रॉनिक्सच्या उमेदवाराला वर्षभर एकाच जागी उभे केले तर त्याला काहीच येत नाही, कारण चार गोष्टींचा संबंध जोडणे हाच त्याचा व्यवसाय. आणि मौज अशी, की यंत्र बंद पडते त्या घटकेला कारखान्यात शिकाऊ उमेदवार कुणालाच नको असतो. उत्पादन खोळंबलेले असते, साहेब धावत आलेले असतात, आणि सर्वांना आठवते ते एकच, की या पोराला बाजूला करा. म्हणजे शिकण्याची जी घटका, तीच त्याला हाकलण्याची घटका.

माझा एक मावसभाऊ भोकरदन तालुक्यातला. हा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी पुरा करून तो एका कारखान्यात वर्षाच्या उमेदवारीवर लागला. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशी हकिकत सांगणारा तो एकटा नाही. पहिले कित्येक महिने तो पिशव्यांच्या यंत्रापाशी पिशव्या मोजून रचीत होता. यंत्र थांबले की पर्यवेक्षक म्हणायचे, “ए, तू हो बाजूला. जा, सगळ्यांसाठी चहा सांगून ये.” चहा येईपर्यंत यंत्र सुरू झालेले असे. काय झाले होते असे विचारले तर उत्तर, “झालं आता, तुला काय करायचंय?” रात्रपाळीला एक वयस्क इलेक्ट्रिशियन होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. एका रात्री असेच यंत्र थांबले. चाचांनी नियंत्रणाची पेटी उघडली, मीटर याच्या हाती दिला आणि म्हणाले, “बेटा, वीज कुठपर्यंत आली अन् कुठं अडली, तेवढं मला सांग. घाई करू नको.” वीस मिनिटांनी त्याला ती जागा सापडली, एका संवेदकाची जोडणी हादऱ्याने ढिली झाली होती. चाचा ते पहिल्या दोन मिनिटांतच ओळखून गप्प राहिले होते, हे त्याला पुढे कळले. वर्षभरात आपण काय शिकलो असे विचारले की तो त्या वीस मिनिटांबद्दल सांगतो. “दादा, बाकी वर्ष हजेरीत गेलं.”

यावर कारखानदारांची बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. भट्टीत वितळलेले लोखंड एखाद्या पोराच्या शिक्षणासाठी थांबून राहत नाही. विजेची उघडी पेटी हे खेळणे नव्हे. अपघात झाला तर जबाबदारी मालकावर येते, आणि कायद्याने ती यावीच. शिवाय ज्याला शिकवावे तो वर्ष संपताच वाळूजला नाही तर पुण्याला जातो. हे सगळे खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘शिकवू नये’ हा कसा? बंद पडलेल्या घटकेला नाही, तर यंत्र सुरू झाल्यावर अर्धा तास तरी काढता येतो. काढून टाकलेली झडप टेबलावर ठेवून, ती का अडकली ते सांगता येते. जर्मन मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय-शाळेत बसतो, उरलेले दिवस कारखान्यात असतो, आणि शेवटची परीक्षा मालक घेत नाही तर उद्योग-मंडळाची समिती घेते. जर्मनीची श्रीमंती जालन्यात आणता येणार नाही, हे मलाही कळते. पण सवय आणण्यास भांडवल लागत नाही.

आपला कायदा तरी काय म्हणतो? १९६१ च्या अधिनियमाचे अठरावे कलम स्पष्ट आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. या वाक्याचा उपयोग आजवर एकाच दिशेने होत आला. तो कामगार नाही, म्हणून त्याला कामगाराचे हक्क नाहीत. पण तो कामगार नसेल तर त्याला वर्षभर पिशव्या रचायला का लावता, हा त्याच वाक्यातून निघणारा दुसरा प्रश्न कुणी काढीत नाही. त्याला अभ्यासक्रमाप्रमाणे शिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य त्याच कायद्यात लिहिले आहे. त्याच्या प्रगतीची नोंद ठेवणे हेही लिहिले आहे.

उलट आकड्यांची काळजी मात्र सरकारने पुष्कळ घेतली आहे. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना त्यांच्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे ठरवून दिले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के वाटा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. चांगलेच आहे. परंतु कमी पैशात हात मिळतात म्हणून उमेदवार घेणारा आणि माणूस घडवायचा म्हणून उमेदवार घेणारा, हे दोन्ही मालक या तक्त्यात शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांच्याही नावापुढे सारखीच बरोबरची खूण पडते.

आशेविषयी थोडे लिहीन म्हणालो होतो. बाविसावे कलम सांगते की, करारात तसे नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक मालकाने याविषयी आपले धोरण ठरवावयाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे असे म्हटले. नोकरीची हमी नाही, प्राधान्याची थोडीशी ऊब आहे. मग जो कायदा नोकरीचे वचन देत नाही, त्याने निदान विद्येचे वचन तरी पाळले पाहिजे. दोन्हीही मिळत नसतील तर आपल्या पणजोबांच्या कचेरीतला उमेदवार आणि हा, यांत फरक तो काय राहिला?

आणि आता हे केवळ आयटीआयवाल्यांचे राहिलेले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरचे पदवीधरही या कायद्याच्या कक्षेत आले. म्हणजे उद्या बी.ए. झाल्यावर तुम्ही-मीही शिकाऊ उमेदवार होऊ शकतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. ती या कायद्याहून वेगळी. तिच्यात बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. पारावर तिची चर्चा झाली ती रकमेची आणि मुदतवाढीची. त्या खुर्चीवर बसून नेमके काय शिकलास, हा प्रश्न मी अजून कुणाला विचारताना ऐकलेला नाही.

आपल्याकडून एक गोष्ट होण्यासारखी आहे. यंत्रांची माहिती-पुस्तके बहुधा इंग्रजीत येतात. बिघाड कसा शोधला हे ज्ञान चाचांसारख्या माणसांच्या डोक्यात मराठी-उर्दूच्या मिसळीत असते आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर घरी जाते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, पण ‘झटका मारतंय’ आणि ‘घसरतंय’ यांत कारागीर जो भेद करतो तो कोशात सापडत नाही. आपल्या मराठी विभागाने आयटीआयच्या मुलांना बरोबर घेऊन बिघाडांची एक वही का करू नये? यंत्र कोणते, लक्षण काय, आधी संशय कशाचा आला, शेवटी निघाले काय, एवढे चार रकाने. ग्रामीण शब्दांचे संग्रह करायला आपण दूरदूरच्या खेड्यांत जातो. एमआयडीसी तर बसच्या अंतरावर आहे.

आणि कायद्याने ठेवावयाच्या त्या प्रगतीच्या नोंदीत, हजेरीच्या शेजारी, आणखी दोन प्रश्न छापावेत. या महिन्यात यंत्र किती वेळा बंद पडले? त्यांपैकी किती वेळा उमेदवार तेथे उभा होता? तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने ही दोन उत्तरे मालकाला नव्हे, मुलाला विचारावीत, आणि तेही चहा सांगायला पाठवण्यापूर्वी.